टेबलावरची टकटक

रविवार, ७ जानेवारी

आज बैठक झाली. बैठक म्हणजे काय, आधी भांडण आणि मग चहा. चॅनल बघणारे कमी होत चाललेत हे चौघांनाही माहीत होतं, पण कुणी तोंड उघडत नव्हतं. शेवटी मीच विषय काढला. पटावरचे खेळ खेळायचे आणि मग कॅमेऱ्यासमोर बसून त्यांचं बरं-वाईट सांगायचं, हे आम्ही इतकी वर्षं केलं. आता तेच करणारे पायलीचे पन्नास झालेत. नवीन काही काढलं नाही तर वर्षअखेरीला गाशा गुंडाळावा लागेल.

डॉक्टरने वर्षभर चालणारा एक बेटाचा खेळ सुचवला. (ही दातांची डॉक्टर. ताईची मैत्रीण. एरवी गरीब, पटावर बसली की सख्ख्या भावाची नाही.) त्या खेळात दर डावाला पटावर कायमचे स्टिकर चिकटवायचे, पत्ते फाडून टाकायचे, एकदा झालं ते झालं. तेच चार खेळाडू वर्षभर हवेत. मी म्हटलं, छान आहे, पण लोक वर्षभर थांबत नाहीत. माझं म्हणणं थेट प्रक्षेपण. एका प्रकाशकाचा नवा लिलावाचा खेळ मार्चमध्ये येतोय आणि त्याला तो आमच्या टेबलावर, लोकांसमोर, लाइव्ह खेळून हवाय. जमलं तर त्याचा प्रत्येक नवा खेळ आधी आमच्याकडे येणार.

ताईने सुचवलं ते ऐकून मात्र हसू आवरेना. म्हणे नियम शिकवणारे छोटे व्हिडिओ काढू, पण न बोलता. नुसते हात आणि सोंगट्या. मी म्हटलं, मी रेडिओत ध्वनिमुद्रण करतो आणि माझ्या बहिणीने मुका कार्यक्रम काढायचा, लोक मला कामावरून काढतील. सगळे हसले. ताईही हसली, जरा उशिरा. दाजींनी टेबलावर टकटक केली आणि म्हणाले, एकदा करून बघायला काय हरकत आहे. दाजी ताईची बाजू घेणारच, नवरा आहेत ते. शेवटी लाइव्ह ठरलं.

रविवार, १४ जानेवारी

दीपगृहांच्या खेळाचं चित्रीकरण. नियम ताईनेच सांगितले. ह्या बाबतीत तिचा हात कुणी धरू शकत नाही. नियमपुस्तिका बंद करून ठेवते आणि पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत न अडखळता सांगते, समोरच्याला आपण शिकतोय हेही कळत नाही. शाळेत असताना मला गणित असंच शिकवलं होतं तिने, जेवणाच्या ताटात शेंगदाणे मांडून.

पण हल्ली ओरडते. माइकचा काटा सारखा लाल रंगात. मी खूण केली, हळू. तिने मान डोलावली आणि पुन्हा तेच. शेवटी तिचा माइक मी इतका खाली आणला की आता त्याहून खाली काही उरलं नाही. त्यात कुठूनतरी बारीक शिट्टी येत होती. दिवे बंद करून पाहिले, चार्जर काढले, डॉक्टरचं घड्याळसुद्धा काढायला लावलं. मिळाली नाही. कपाळावर हात मारून घेतला. मी म्हटलं, ह्या शिट्टीसकट एकही सेकंद बाहेर जाणार नाही, ज्याच्याकडून येत असेल त्याने शोधून काढा. ताई माझ्याकडे बघत राहिली. शिवाय ती आता केस मोकळे सोडते, ते माइकवर घासतात. ह्या वयात ही नवी फॅशन कशाला, असं मी म्हटलं. तिने केस आणखी पुढे ओढून घेतले.

खोली मात्र झकास आहे. बाबांची खोली ही. शेवटच्या काळात ते टीव्ही इतका मोठ्याने लावायचे की शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि मी चारी भिंतींना जाड फोम ठोकला. तोच आता स्टुडिओ म्हणून उपयोगी पडतोय. बाबांचं काही वाया गेलं नाही.

मंगळवार, १६ जानेवारी

दीपगृहांचं संकलन झालं. एक गोष्ट इथे लिहितो, बाहेर बोलणार नाही. चॅनल माझ्या कात्रीवर चालतो. ताईचं हल्ली लक्ष नसतं. दर मिनिटाला "काय?", "हं?", "पुन्हा सांग". डॉक्टरने विचारलं, तुझ्याकडे जहाजं किती उरली, तर ताई म्हणते, मला नको, मी आत्ताच घेतला. चहा! सगळं कापलं. कापून जोडलेली ताई बघावी, प्रश्न आला की उत्तर हजर. जोड कुणाला सापडणार नाही.

तरी वाटतं, तिचं मन उडालं असेल का? हा चॅनल तिनेच सुरू केला. "हरणारा शेवटी बोलेल" हा आमचा नियमही तिचाच. जिंकणाऱ्याला कुठलाही खेळ चांगलाच वाटतो, म्हणून शेवटचं मत हरलेल्याचं, आणि तो बोलत असताना बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही. असा नियम काढणारी बाई आता डावात अर्धी असते. विचारायला हवं, पण कसं विचारणार.

रविवार, २१ जानेवारी

शिट्टी गेली! ताईच्या माइकची वायर बदलली आणि एकदम शांत. वायरच होती तर. आठवडाभर डोकं खाल्लं तिने.

आता राहिली दाजींची टकटक. ह्या माणसाला बोलण्याआधी टेबल ठोकायची सवय लागली आहे. ध्वनिमुद्रणात ती हातोड्यासारखी येते. दोनदा सांगून झालं. आज मी दुकानातून जाड हिरवं फेल्ट आणलं आणि टेबलावर पसरलं. आता खुशाल ठोका. फासेसुद्धा आवाज करत नाहीत, कापसावर पडल्यासारखे पडतात. डॉक्टर खूश, तिला पत्ते उचलायला सोपं जातं. दाजींनी कापडावर हात फिरवला आणि विचारलं, हे असंच राहणार का? मी म्हटलं, हो, का? ते म्हणाले, नाही, विचारलं. ताई आज फार वेळा डावातली आपली पाळी विसरली. तिच्या तीन जागांवर मला कापावं लागणार.

बुधवार, २४ जानेवारी

डॉक्टरकडे दाढ दाखवायला गेलो होतो. भूल चढेपर्यंत तिने ताईची गंमत सांगितली. मागच्या महिन्यात ताई तिच्या खुर्चीत बसली होती. डॉक्टर तोंडावर मास्क लावून सांगतेय, आता तोंड मीट, थुंक, आणि ताई आपली आ वासून बसली आहे. मी हसलो, म्हणजे जमेल तितका. डॉक्टर हसली नाही. सांगून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिली, जणू मी काही बोलावं असं. माझ्या तोंडात नळी होती.

घरी आल्यावर आईचा फोन. ताई फोन उचलत नाही, नुसते मेसेज करते, मी काय परकी आहे का, असं सगळं. मी सांगितलं, लाइव्हच्या तयारीत आहे ती. आईची समजूत घालताना नाकी नऊ आले.

रविवार, ४ फेब्रुवारी

भांडण. लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

लाइव्हसाठी मी टेबल फिरवलं. चौघं गोल बसलो तर दोघांच्या पाठी दिसतात. संकलन असतं तेव्हा दुसऱ्या कॅमेऱ्याने भागतं, लाइव्हमध्ये ते जमणार नाही. म्हणून चौघं एका रांगेत, कॅमेऱ्याकडे तोंड करून, वरातीतल्या बॅंडसारखे. ताईने बसून पाहिलं आणि उठली. म्हणाली, गोलच बसूया. मी कारण सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच, गोल बसूया, मला तुमची तोंडं दिसली पाहिजेत.

मी म्हटलं, "आमची तोंडं इतकी वर्षं बघितलीस, आता काय नवीन दिसणार आहे? लोकांना दिसू दे की."

ती माझ्या ओठांकडे अशी बघत होती की मला वाटलं, आता ही काहीतरी जबरदस्त टोला हाणणार. पण तिने खुर्ची ओढली आणि रांगेत बसली. सगळ्यात कडेला. दाजी म्हणाले, मी तिच्या डाव्या बाजूला बसतो. मी म्हटलं, बसा, पण मग प्रकाश तुमच्यावर नीट पडत नाही. ते म्हणाले, माझ्यावर नको पडायला.

रविवार, ११ फेब्रुवारी

रंगीत तालीम. लिलावाचा खेळ म्हणजे जुनी घड्याळं विकायला येतात आणि चौघांनी एकदम तोंडी बोली लावायची, ज्याची बोली वर जाईल त्याचं घड्याळ. मजा येते, पण वेग हवा. ताईने स्वतःच लावलेल्या बोलीवर पुन्हा वरची बोली लावली, दोनदा. डॉक्टर म्हणाली, चालतं गं, होतं असं. मला चालत नाही. लाइव्हमध्ये कात्री नसते.

प्रकाशकाच्या माणसाने तालीम बघितली होती. त्याचा फोन आला. गोड बोलतो. म्हणाला, सगळं उत्तम, फक्त पुढे बोलायला कुणी चपळ बाई मिळाली तर बघा. मी बघतो म्हटलं. फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली, पण खोटं कशाला लिहू, त्याचं पटलंही होतं.

डॉक्टरला विचारलं, ताईच्या जागी नियम तू सांगशील का. ती भडकली नाही, पण तिचा आवाज बदलला. म्हणाली, "आधी तू तिच्याशी बोल. समोर बसून बोल." आता समोर बसून नाही तर काय पाठीमागे बसून बोलणार? तिला म्हणायचं होतं तरी काय, देव जाणे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

ताईकडे गेलो होतो. ती स्वयंपाकघरात कप विसळत होती. समोरासमोर बोलायचा धीर होईना, म्हणून मी कपाटाशी टेकून, तिची पाठ बघत, सगळं सांगून टाकलं. लाइव्हला डॉक्टर पुढे बसली तर बरं होईल. तुझ्यावर ताण येतोय असं दिसतं. तू थकली असशील तर सांग, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्याशिवाय चॅनल नाही हे मला माहीत आहे. 

नळ चालूच होता. ती कप पुसत वळली आणि म्हणाली, "तू कधी आलास आत? हे वरच्या फळीवर ठेव."

तिला इतकं लागलं की तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ही तिची जुनी पद्धत. वाद घालायचा नाही, आपली जागा सोडायची नाही. मी कप फळीवर ठेवले आणि काढता पाय घेतला. ठीक आहे. तीच बसू दे पुढे. होईल ते होईल.

सोमवार, ४ मार्च

काल लाइव्ह झालं. काल लिहवलं नाही.

सुरुवात छान. ताईने नियम सांगितले, एकदम कडक. प्रेक्षक भराभर वाढत होते, बाजूच्या पडद्यावर त्यांचे शेरे सरकत होते. मग बोली सुरू झाली आणि सगळं फिसकटलं. ताई समोर कॅमेऱ्याकडे बघत बसलेली, आम्ही तिच्या शेजारी ओरडतोय आणि तिचा ताळमेळच नाही. दाजी टेबल ठोकत होते, फेल्टमधून काहीच येत नव्हतं, मग त्यांनी टेबलाखालून तिचा गुडघा हलवायला सुरुवात केली, तेही कॅमेऱ्यात दिसलं. डॉक्टरने विचारलं, ताई, थांबतेस का? ताई म्हणाली, चौदा. पडद्यावर कुणीतरी लिहिलं, ताई आज कुणाचं ऐकतच नाहीत. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

माझं डोकं फिरलं. मी पुढे बघत, दातांतल्या दातांत म्हणालो, "अगं, बहिरी आहेस का?"

माझ्या माइकचा आवाज पूर्ण वर होता. मीच ठेवला होता. शब्द अन् शब्द बाहेर गेला. दाजी थिजले. डॉक्टरने हातातले पत्ते खाली ठेवले. आणि ताईने आमच्याकडे वळून पाहिलं, तिला आमचे चेहरे दिसले, तिला वाटलं काहीतरी गमतीचं चाललंय, आणि ती हसली. छान, मोकळी हसली. म्हणाली, "अगदी! मीही तेच म्हणणार होते."

पुढचा अर्धा डाव कसा झाला सांगता येणार नाही. ताई हरली, म्हणून शेवटचं तीच बोलली. म्हणाली, खेळ सुंदर आहे, पण ह्यात जो आधी ओरडेल त्याचं घड्याळ. हळू माणसालाही एक पाळी मिळायला हवी होती. मला वाटलं, कप विसळतानाचा सूड उगवला हिने, प्रकाशकादेखत. प्रकाशकाचं आज सकाळी पत्र आलं. आभार मानलेत. म्हणजे संपलं.

मंगळवार, ५ मार्च

दुपारी दाजी माझ्या कामावर आले. कधी येत नाहीत. कॅंटीनमध्ये समोरासमोर बसलो. मी म्हटलं, माझं चुकलं, तोंडातून निघून गेलं.  मग त्यांनी टेबलावर बोटाने टकटक केली आणि बोलायला तोंड उघडलं.

मी म्हटलं, दाजी, माझ्यासमोर ठोकायची काय गरज, मी ऐकतोय की.

ते आपल्या बोटाकडे बघत राहिले. म्हणाले, "सवय. घरीही असंच करतो. ठोकलं की लाकडातून तिच्या हाताला कळतं, कुणीतरी बोलतंय. मग ती वर बघते."

मला आधी समजलं नाही, हे लिहायला पाहिजे. लाकडातून कसं कळेल, असंच मी विचारणार होतो. मग टेबलावरचं ते हिरवं फेल्ट माझ्या डोळ्यासमोर आलं.

दाजी हळू आवाजात सांगत होते. दोन वर्षं झाली. उजवा कान जवळजवळ गेला, डावाही चाललाय. डॉक्टरने मास्कच्या दिवशी ओळखलं, पण ताईने तिला शपथ घातली. "तू फेल्ट घातलंस त्या दिवशी घरी जाऊन मी तिला म्हटलं, आता सांगून टाक त्याला. ती म्हणाली, त्याला आवाजातलं सगळं कळतं. त्याला कळलं असेलच, बोलत नसेल."

संध्याकाळी घरी येऊन मी संगणक उघडला. कापलेलं मी टाकून देत नाही, कामाची शिस्त म्हणून बाजूला ठेवतो. वर्षभराचे सगळे तुकडे एकामागे एक लावले. काय? हं? पुन्हा सांग. काय म्हणालास? मला ऐकू नाही आलं. हो, हे शेवटचंही आहे. स्पष्ट शब्दांत आहे, दोन जागी, आणि ते मी कापलंय, मागचापुढचा आवाज जुळवून, जोड दिसणार नाही असं.

आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी आमच्यापैकी कुणीतरी म्हणतं, काही नाही. जाऊ दे, काही नाही. बहुतेक वेळा तो आवाज माझाच आहे. मी कानावरचे हेडफोन काढले आणि रडलो. मोठा माणूस आहे मी, पण रडलो.

रविवार, १० मार्च

ताईकडे गेलो. दार दाजींनी उघडलं आणि ते खाली फिरायला निघून गेले. ताई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मी समोर बसलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण मान खाली घालून पुटपुटायला लागलो.

ती म्हणाली, "तोंड वर करून बोल. आणि मिशा कापत जा जरा."

मी तोंड वर करून बोललो. माफ कर म्हटलं. ती म्हणाली, मला ऐकू आलं नव्हतं, नंतर वाचलं. लोकांनी खाली लिहिलं होतं. कुणी तुला शिव्या दिल्या होत्या, कुणी मला. तू बोललास त्याचं नाही रे वाटलं इतकं. मी हसले त्याचं वाटलं.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस. तिने टेबलावरचा पाण्याचा डाग पुसला. मग म्हणाली, यंत्र घेतलंय मी. जानेवारीत एकदा घालून आले होते, केसांखाली. तुझ्या माइकजवळ गेलं की शिट्टी मारायचं. तू सगळी खोली उलटीपालटी केलीस. डॉक्टरचं घड्याळ काढायला लावलंस. म्हणालास, ही शिट्टी बाहेर जाणार नाही. दुसऱ्या रविवारी मी ते घरी ठेवून आले आणि तू वायर बदलल्याचा आनंद करत होतास.



"बाबांचं यंत्र आठवतं का तुला?" ताई म्हणाली. "ते शिट्टी मारायचं. आपण त्याला कुकर म्हणायचो, मीसुद्धा. त्यांनी ते खणात ठेवून दिलं. मग ते विचारायचे, काय गं, काय बोलताय, आणि आपण म्हणायचो, काही नाही. मरेपर्यंत त्यांना आपण काही नाही, काही नाही असंच सांगत राहिलो. मला ते ऐकायचं नव्हतं. तेवढं एक ऐकायचं नव्हतं."

बाबांच्या खोलीला फोम मी लावला होता. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून. आत ते एकटे बसायचे. आज पहिल्यांदा ते मला असं दिसलं.

आता चॅनलवर येणार नाही, असा तिचा मेसेज आला होता. मी म्हटलं, परत ये. ती म्हणाली, दया म्हणून नको. मी म्हटलं, दया नाही, नियम सांगायला कुणी नाही. ह्यावर ती थोडी हसली. मग म्हणाली, एका अटीवर. मला कापायचं नाही. मी म्हटलं, चुका राहतील. ती म्हणाली, राहू देत. लोकांना बघू दे, बाई विचारते, तिला सांगावं लागतं. मी हो म्हटलं, आणि मग लक्षात आलं की हे मी खिडकीकडे बघत म्हटलंय. वळून पुन्हा हो म्हटलं.

बुधवार, २० मार्च

ताईचा न बोलण्याचा व्हिडिओ आज करून पाहिला. नुसते हात. दीपगृहांचा खेळ तिने बोटांनी मांडला, जहाज हलवलं, थांबली, चुकीच्या खडकावर नेलं, बोट हलवून नाही म्हटलं, परत आणलं. दाजींना तो खेळ कधी नीट समजला नव्हता, त्यांना समजला. कोण बघेल ठाऊक नाही. मी पूर्ण वेळ सवयीने हेडफोन लावून बसलो होतो. डॉक्टरने विचारलं, काय ऐकतोयस? तेव्हा काढले.

बेटाचा वर्षभराचा खेळही ठरला. ताईने होकार देताना विचार केला, मग म्हणाली, वर्षाच्या शेवटी मला किती ऐकू येत असेल कोण जाणे. डॉक्टर म्हणाली, तेव्हा जेवढं येत असेल तेवढ्यावर खेळू.

रविवार, ३१ मार्च

बेटाचा पहिला डाव. टेबल पुन्हा जागेवर, चौघं गोल. फेल्ट मी सकाळीच काढून गुंडाळून कपाटावर टाकलं होतं. ताई केस वर बांधून आली. यंत्र कानामागे दिसत होतं. आम्ही विषय काढायच्या आधी ताईच म्हणाली, बघून घ्या एकदा सगळ्यांनी, म्हणजे खेळता येईल.

शिट्टी येते. दाजींची टकटकही येते, हातोड्यासारखीच. मी काटा बघत होतो आणि माझा हात दोनदा बटणाकडे गेला. पहिला पत्ता फाडायची पाळी ताईची होती. तिने फाडला, तो आवाज फार छान आला.

ती जिंकली. हरलो मी. म्हणून शेवटी बोलायचं मला. कॅमेऱ्याकडे बघून मी म्हटलं, खेळ अवघड आहे, ह्यात मागे जाता येत नाही, एखादी गोष्ट चुकून बंद करून टाकली तर ती वर्षभर बंदच राहते, आणि हे मला आधी कळलं असतं तर मी वेगळा खेळलो असतो. मग थांबलो. 

ताई म्हणाली, "काय?"

आमच्या नियमात शेवटच्या बोलण्यात कुणी मधे बोलायचं नसतं, आणि नियम तिचाच. मी तिच्याकडे खुर्ची फिरवली. कॅमेऱ्याला माझी पाठ गेली. मी पहिल्या शब्दापासून पुन्हा सगळं सांगितलं, हळू, तोंड वर करून. तिने शेवटपर्यंत माझ्या ओठांवरची नजर काढली नाही. झाल्यावर म्हणाली, बरं. मग म्हणाली, मिशा अजून कापल्या नाहीस.

आता संकलनाला बसलोय. डॉक्टरचा मेसेज आलाय, शेवटचं दोनदा आलंय, एक काढ. नाही काढणार. लोकांना तेच दोनदा ऐकावं लागेल, ऐकतील.